पट्ट्या टाकल्या की झालं ना?

"वर एक काळी पट्टी, खाली एक काळी पट्टी, झालं सिनेमास्कोप. त्या लेन्सचं ओझं कशाला वागवतोस?"

सिनेमास्कोप म्हणजे थिएटरातलं ते लांबरुंद चित्र, आणि लेन्स म्हणजे तसं चित्र घेणारी माझी ॲनामॉर्फिक. हे मला बीडला माझी फिल्म दाखवल्यावर विचारलं, लातूरला विचारलं, लग्नाच्या ऑर्डरीवर ड्रोन उडवणाऱ्या पोरांनी तर दरवेळी विचारलं. सासऱ्यांनी किंमत ऐकून विचारलं. मी प्रत्येकाला वेगळं उत्तर दिलं आणि त्यातली निम्मी उत्तरं खोटी होती. फिल्म बघून तुम्हीही तेच विचारलंत म्हणून एकदाच काय ते लिहून टाकतो.

आधी ठोकून द्यायचो तो हिशोब. फोर-के चित्राला उंचीच्या 2160 ओळी असतात. पट्ट्या टाकल्या की 1600 च्या आसपास उरतात, म्हणजे चौथा हिस्सा गेला. 1.33 पटीची ॲनामॉर्फिक लेन्स तेवढंच रुंद दृश्य आडवं दाबून सगळ्या ओळींत बसवते, मग एडिटला ताणून सरळ करायचं. हिशोब चूक नाही. पण माझी फिल्म बघितली जाते उभ्या धरलेल्या मोबाइलवर, बोटभर उंचीत. तिथं 1600 काय आन् 2160 काय! 1953 मध्ये सिनेमास्कोप आला तो टीव्हीपुढं बसलेल्या माणसाला उठवून थिएटरात आणायला. तीच रुंदी मी हातातल्या पडद्यावर पाठवतो आणि वर ओळींचा हिशोब सांगतो.

मग "लूक". मागचे दिवे उभे लंबगोल होतात, समोरून हेडलाइट आला की फ्रेमभर निळी आडवी रेघ जाते. 2020 मध्ये सिरुईची 50 मिलिमीटरची 1.33 पटीची लेन्स सातशे डॉलरच्या आसपास आली आणि ही रेघ आमच्यासारख्यांच्याही आवाक्यात आली. त्याआधी ॲनामॉर्फिक म्हणजे मुंबईहून भाड्यानं आणायची चीज. मीही पुढं एक घेतली आणि वर्षभर प्रत्येक प्री-वेडिंगमध्ये ती रेघ मारली. शेवटी एका नवरदेवाच्या मामानं विचारलं, "ही निळी रेघ कामून आली? कॅमेरा खराब हाय का?" त्यांना मी सिनेमा समजावत बसलो. मामांचं बरोबर होतं, एवढंच आता सांगतो.

आणि चौकट? त्याच जागेवरून रुंद साधी लेन्स लावून वरखाली कापलं तर चौकट जवळजवळ तीच मिळते. हे मी चार वर्षं कबूल करत नव्हतो. आज करतो.

तरीही मी ती लेन्स टाकून दिलेली नाही. का, ते सांगायला पहिल्या लेन्सकडं जावं लागेल.

लहानपणी जत्रेतल्या तंबू टॉकीजमध्ये ऑपरेटर कधीकधी सिनेमास्कोपची लेन्स लावायला विसरायचा. पडद्यावर हिरो बाभळीच्या फोकासारखा उंच आणि बारीक. "लेन्स लाव रे!" म्हणून शिट्ट्या. मग एक खटका, आणि चित्र दोन्ही बाजूंना उलगडायचं. तसली एक लेन्स मला परभणीकडच्या बंद पडलेल्या टॉकीजच्या ऑपरेटरकाकांकडून मिळाली. किलोभर वजनाची, काचेवर बुरशीचं जाळं. प्रोजेक्टरवर ती चित्र दुप्पट रुंद करते. कॅमेऱ्यापुढं लावली की दृश्य तेवढंच आवळते. फुकटात हॉलिवूड सापडल्यागत मी आठ दिवस झोपलो नाही.

तिची मेख अशी की फोकस दोन ठिकाणी. मागच्या साध्या लेन्सचा वेगळा, पुढच्या स्कोपचा वेगळा, आणि दोन्ही एकाच अंतरावर जुळायला पाहिजेत. माणूस पाऊलभर हलला की दोन्ही फिरवा. दोन मीटरच्या आत तर माझी लेन्स बघतच नाही. लेन्स केसभर तिरकी बसली तर उभे खांब कलंडतात.

हे घेऊन मी धारूरकडच्या एका तांड्यावर गेलो. दिवाळी नुकतीच झालेली, आगाऊ पैशांची उचल घेतलेली, ऊसतोडीची टोळी निघायची होती. पहाटे साडेपाचला ट्रॅक्टर लागला. ट्रॉलीत गाठोडी, पातेली, पाण्याचे कॅन, बांधलेली बाज, आणि त्या सगळ्यावर बाया. एक बाई वर बसली होती. तिचं पाच वर्षांचं पोरगं खाली, आजीच्या लुगड्याला धरून. ते मागं राहणार होतं. शाळा होती.

मी महिनाभर ह्याच क्षणासाठी येत होतो. ट्रॅक्टर सुरू झाला, ती खाली वाकली, पोरानं हात वर केला. मी मागचा फोकस जुळवला, पुढचा राहिला. पुढचा जुळवला तोवर ट्रॅक्टर हलला. पुन्हा मागचा. मुकादम ओरडला, धूळ उडाली, आणि माझ्याकडं उरले चाळीस सेकंदांचे दोन धुरकट आकार. काय बोलणार? "माय, परत एकदा वाकता का?" असं म्हणायचं होतं का मी? खरं सांगू, तोंडापर्यंत आलं होतं.

भाच्यानं तेवढंच मोबाइलवर घेतलं होतं. स्टेटसला टाकायला. लख्ख.

फिल्ममधला तुम्हाला आवडलेला ट्रॅक्टरचा शॉट तोच. मोबाइलचा. बाकीच्या फिल्मशी जुळावा म्हणून मी त्याला वरखाली पट्ट्या टाकल्या. कुणालाही ओळखू आलं नाही. म्हणजे तुमचं म्हणणं तिथंच सिद्ध झालं.

पण पट्ट्या टाकताना आईचा चेहरा ठेवायचा की पोराचा, एकच बसत होतं. ती उंचावर, ते पार तळाशी. मी आई ठेवली. पोराचे केस तेवढे खालच्या कडेला दिसतात, तेही थांबवून बघितलं तर. लातूरला एका सरांनी खास कौतुक केलं, "ती फ्रेमबाहेर बघते, काय सुचलंय!" मी थँक्यू म्हणालो.

उन्हाळ्यात टोळी परतल्यावर मी फिल्म दाखवायला तांड्यावर गेलो. तिनं मोबाइल हातात घेऊन तो शॉट बघितला, मग पडदा बोटानं खाली ढकलून बघितला, स्क्रोल करावं तसा. म्हणाली, "आन् माझं लेकरू कुठंय?"

तेव्हापासून "पट्ट्या टाकल्या की झालं ना" ऐकलं की मी जरा चिडून बोलतो, ते ह्यामुळं. पट्टी झाकत नाही, कापते. लेन्स वरखाली कापत नाही. आता लगेच तुम्ही म्हणाल, लेन्सवर तर शॉटच मिळाला नव्हता. बरोबर. शिवाय ती दुप्पट आवळणारी लेन्स 16:9 च्या, म्हणजे नेहमीच्या टीव्हीच्या आकाराचं चित्र घेणाऱ्या कॅमेऱ्यावर इतकं लांबडं चित्र द्यायची की बाजू मीच कापायचो. म्हणजे कात्री माझ्या हातात होतीच, फक्त आडवी चालत होती. ह्याच्यापुढं मला उत्तर येत नाही.

पट्ट्या नसलेली मूळ क्लिप मी तिला व्हॉट्सॲपवर पाठवली. फिल्ममध्ये तो शॉट अजून कापलेलाच आहे. भाच्याचं नाव शेवटी "साहाय्यक" म्हणून आहे, तेही तसंच.