जर्मनीत ११२ लावायचा तर आधी वर्ध्याला जा

आमच्या ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरत असतो. जगात कुठंही जा, फोनमध्ये सिम नसलं तरी तातडीच्या मदतीचा ११२ नंबर लागतो म्हणे. पोराकडे, पोरीकडे जर्मनीला जाणारे आता आर्वीकडच्या खेड्यांतूनही निघतात, म्हणून त्यांच्यासाठी लिहितो: जर्मनीत बिनसिमचा ११२ लागत नाही. २००९ पासून बंद आहे. रिकामे लोक उगाच फोन लावून त्रास द्यायचे, म्हणून त्यांनी बंद केला. फोनमध्ये चालू सिम पाहिजेच.

आम्ही नवरा-बायको पोराकडे जर्मनीला निघालो होतो. व्हिसाचं मुंबईला झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. किमान ३० हजार युरोचा प्रवास विमा लागतो, तो एजंटनं काढून दिला. राहिलं होतं रोमिंग. पोरगा म्हणाला, “बाबा, मी दिवसभर ड्युटीवर राहीन. तुम्ही दोघं घरी. आईला बीपी आहे. तुमचा फोन विमानतळापासून चालू पाहिजे.” मी म्हटलं, त्यात काय, रिचार्जच तर मारायचा आहे.

पुतण्यानं ॲपवरून पॅक टाकला. पैसे कटले, सेवा काही चालू होईना. केंद्रात जा, असं उत्तर. कंपनीचं केंद्र वर्ध्याला. सकाळची एसटी धरून गेलो. काउंटरवरच्या पोरीनं नंबर टाकला आणि म्हणाली, “काकाजी, हे सिम तुमच्या नावावर नाही.”

नव्हतंच. गावात मोबाइल नवे होते तेव्हा वडिलांनी बाजारातून आणलेलं ते सिम. वडील गेले, नंबर माझ्याकडे आला. बँक, कापसाचा व्यापारी, कृषी केंद्र, सगळीकडे तोच.

“ज्यांच्या नावावर आहे त्यांना घेऊन या.”

“वारले ते.”

“मग मृत्यूचा दाखला आणा.”

दाखल्यासाठी ग्रामपंचायत. ग्रामसेवकाकडे दोन गावं, ते नेमके दुसऱ्या गावात. दाखला मिळाला तर त्यावर वडिलांचं कागदावरचं पूर्ण नाव, आणि सिमवर गाव ज्या नावानं हाक मारायचं ते. दोन्ही माणसं एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र करा म्हणाले. तहसीलला गेलो तर सेतू केंद्राचं सर्व्हर डाऊन. तेही एकदाचं झालं. वर्ध्याला पोचलो तर काउंटरवर दुसराच माणूस. त्यानं कागद उलटेपालटे करून विचारलं, “बाकीच्या वारसांचं संमतीपत्र?” अरे, हे पहिल्याच दिवशी सांगायला काय जात होतं! मी शेत नावावर करून मागत होतो की सिम? भाऊ नागपूरला, बहीण वरुडला, तिच्याकडे संत्र्याचा तोडा सुरू. व्यापाऱ्याची गाडी दारात उभी असताना ती सहीसाठी येणार कशी? तिकीट काढून झालेलं, तारीख जवळ येऊन राहिलेली, आणि मी सह्या गोळा करत विदर्भभर हिंडतोय. वर बायकोचा टोमणा: सासरेबुवांना विचारल्याशिवाय तुमचं आजही काही होत नाही.

शेवटी केंद्रातला एक नवीनच लागलेला पोरगा बाजूला येऊन बोलला, “काकाजी, त्या नंबरासाठी काऊन भांडून रायले? तुमचं आधार आहे ना? नवीन सिम घ्या, दुसऱ्या खाचेत टाका. रोमिंग आत्ता चालू करून देतो.”

अंगठा लावला. दुपारच्या एसटीच्या आत काम फत्ते. त्या पोराला चहा पाजला, पण बाकीच्यांवरचा राग अजून गेला नाही. इतक्या चकरांत एकाही शहाण्याला हे सुचू नये?

तर तिकीट काढायच्या आधी तुमचं सिम कोणाच्या नावावर आहे ते बघा. संचार साथीच्या वेबसाइटवर आपल्या नावावर कोणकोणते नंबर आहेत ते दिसतं. तिथं गेल्यावर जर्मन सिम घेऊ म्हणाल, तर ते मिळेपर्यंतचे दिवस कोणाच्या भरवशावर काढणार?

११२ वर ॲम्ब्युलन्स आणि अग्निशमन, पोलिसांना ११०. पुढं प्लस नको, देशाचा कोड नको, नुसतं ११२. रात्री किंवा सुटीच्या दिवशी ताप, कानदुखी असं काही निघालं आणि जिवावरचं नसलं तर ११६११७, त्यावर डॉक्टरची सोय होते. वाटेत दुबईला विमान बदलणार असाल तर तिथं ॲम्ब्युलन्स ९९८ आणि पोलीस ९९९. हे सगळं कागदावर लिहून पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवा, फोनची बॅटरी नको तेव्हाच मरते.

मला ११२ लावावा लागला, पण बायकोसाठी नाही. स्टुटगार्टला पोराच्या घराजवळ एक म्हातारा माणूस सायकलवरून पडला, डोक्यातून रक्त. आजूबाजूला कोणी नाही. मी लावला. माझं इंग्रजी शाळेतलं, पण पलीकडच्या बाईला कळलं. तिनं आधी विचारलं, कुठं? आपल्याकडे १०८ ला ‘मारुतीच्या देवळामागं, डीपीजवळ’ सांगितलं की भागतं. तिथं रस्त्याचं नाव आणि घर नंबर लागतो. समोरच्या पाटीवरचं एकेक अक्षर वाचून दाखवलं. मग काय झालं, किती जणांना लागलं, श्वास चालू आहे का. ती ‘ठेवा’ म्हणेपर्यंत फोन ठेवायचा नाही, हे पोरानं बजावलं होतं, मी ठेवला नाही. गाडी आली. संध्याकाळी पोरगा मित्रांना फोनवर हेच सांगत होता, आणि मी पेपर वाचल्यासारखं करून ऐकत होतो.

आणखी एक राहिलं. विम्याच्या कागदावर १८०० चा फुकट नंबर असतो, तो परदेशातून बहुतेक लागतच नाही. त्याच कागदावर अधिक ९१ नं सुरू होणारा नंबर शोधा. नसेल तर निघायच्या आधी एजंटच्या डोक्यावर बसून लिहून घ्या.

वडिलांच्या सिमची फाइल अजून वर्ध्यालाच आहे. बहिणीची सही चालली नाही, आधारवर तिचं सासरचं नाव आहे म्हणून.