चव्वेचाळीस रुपये

पहिली एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात दर महिन्याला ठरावीक रक्कम, दोन हजाराची केली आणि चौथ्या दिवशी ॲपमध्ये बघते तर १,९५६. चव्वेचाळीस रुपये गेले. आता मी अशी बाई आहे की रिक्षावाल्याकडे सुट्टे नसले तर दहा रुपये सोडून देते, ऑनलाइन मागवलेल्या कुर्त्याचा साइज चुकला तर परत पाठवायच्या कंटाळ्यापायी तो तसाच कपाटात पडून राहतो, पण त्या चव्वेचाळीस रुपयांसाठी भर दुपारी ऑफिसच्या जिन्यात जाऊन मी दादाला फोन लावला. दादा म्हणाला, "किती वर्षांसाठी टाकलेस?" म्हटलं, वीस. "मग वीस वर्षांनी फोन कर." आणि ठेवला की फोन!

बरं, न शिकता उडी मारली असंही नाही. महिनाभर व्हिडिओ बघितले, वहीत लिहून काढलं. निफ्टी म्हणजे ५० मोठ्या कंपन्यांची यादी, ती दर सहा महिन्यांनी तपासतात, कुणी मागे पडली की बाहेर आणि दुसरी आत, आणि इंडेक्स फंड गपगुमान त्या यादीबरहुकूम शेअर घेत राहतो. त्यात फंड मॅनेजरने फार डोकं चालवायचं नसतं म्हणून खर्च पण कमी. मला हे भारी आवडलं. डायरेक्ट प्लॅन घे, म्हणजे मध्ये एजंट नको, रेग्युलर नको, हे दादाने सांगितलं होतं, ते कारण न विचारता ऐकलं. केवायसीच्या, म्हणजे ओळख पटवायच्या वेळी कॅमेऱ्यात बघून डोळे मिचकवा म्हणाले तर मी इतके मिचकावले की शेजारी बसलेला लेक विचारायला लागला आई तुला काय होतंय.

आणि मग तो कॅल्क्युलेटर. महिना पाच हजार, २० वर्षं, १२ टक्के, टाकले की आपले १२ लाख आणि होतात जवळजवळ ५० लाख! हा खेळ मी किती रात्री खेळले सांगत नाही. वर्षं ३० केली की पावणेदोन कोटी, मग मी मनातल्या मनात कोकणात घर पण बांधलं. नंतर कुठल्याशा व्हिडिओत महागाईचा आकडा पण टाकून बघा म्हणाले, सहा टक्के धरले तर त्या ५० लाखांची किंमत आजच्या साडेपंधरा लाखांएवढी. कोकणातल्या घराचा वरचा मजला गेला. आणि १२ टक्के हा आकडा आपणच टाकतो, कुणी लिहून दिलेला नसतो, हेही तेव्हाच डोक्यात शिरलं.

बाबांना हे सांगितलं तर ते हसले. "१२? आम्हाला सरकार द्यायचं १२." खरंच द्यायचं, १९८६ पासून २००० च्या सुरुवातीपर्यंत पीपीएफला १२ टक्के होते, आणि १९८८ ला किसान विकास पत्र आलं ते साडेपाच वर्षांत दामदुप्पट. पीपीएफ आता २०२० च्या एप्रिलपासून ७.१ वर बसलंय. बाबांची पत्रं लोखंडी कपाटात साड्यांच्या खाली प्लॅस्टिकच्या पिशवीत असायची, डांबरगोळ्यांचा वास यायचा त्यांना. मुदत संपली की काढायची, तोपर्यंत बघायचं काय त्यात? भाव नाही, लाल नाही, हिरवं नाही.

पण खरी गुरू निघाली आई. आई गुरुपुष्यामृताला सोनं घेते, माझ्या जन्माच्या आधीपासून, कधी एक ग्रॅम कधी अर्धा, आणि त्या महिन्यात ओढाताण असली तर नुसती चांदीची लवंग, पण खाडा नाही. २०१३ च्या एप्रिलमध्ये सोनं दोन-चार दिवसांत जाम कोसळलं होतं, आठवतंय? तेव्हा आईकडे बऱ्यापैकी सोनं साठलेलं, म्हणजे हिशोबाने तिचं सगळ्यात जास्त नुकसान. आणि ही बाई खूष! मुहूर्त-बिहूर्त न बघता सराफाकडच्या रांगेत जाऊन उभी, "बरं झालं, त्याच पैशात जास्त येईल." मी आत्ता तिला विचारलं, अगं तुझं आधीचं सोनं स्वस्त झालं त्याचं काय, तर म्हणे, "ते कुठे विकायचंय मला? तेवढंच आहे की ते."

तेवढंच आहे. आई ग्रॅममध्ये मोजते आणि मी रुपयात, भानगड इथे आहे. ॲपमध्ये खाली बारीक अक्षरात युनिट, म्हणजे फंडातले आपले वाटे, लिहिलेले असतात ते मी तोवर बघितलेच नव्हते. बाजार पडला की त्याच दोन हजारात युनिट जास्त येतात, आणि आपण न विकता ते कधी कमी होत नाहीत.

अर्थात आईचं तत्त्वज्ञान सगळीकडे चालतं असं नाही. दादा मार्च २०२० ची गोष्ट दर दिवाळीला सांगतो, २३ तारखेला सेन्सेक्स एका दिवसात ३,९०० च्या वर पडून २६ हजाराच्या आसपास आला, आणि पुढच्या जानेवारीत ५० हजाराला शिवला, ज्यांनी घाबरून विकलं ते बसले हात चोळत. पण तो जपानची गोष्ट सांगत नाही, ती मीच शोधली. निक्केईने, म्हणजे तिथल्या सेन्सेक्सने, १९८९ च्या डिसेंबरअखेर जी उंची गाठली ती परत बघायला २०२४ चा फेब्रुवारी उजाडला. ३४ वर्षं! तेव्हा चाळिशीत एकरकमी पैसे टाकलेला माणूस पंचाहत्तरीला मुद्दलात आला असेल, अधूनमधून डिव्हिडंड मिळाले असतील तेवढेच. दादाला म्हटलं यावर बोल. तो म्हणाला, म्हणून तर सगळं एकाच टोपलीत नको, पीपीएफ चालू ठेव. वर्षभर "पीपीएफ म्हाताऱ्यांचं" म्हणणारा हाच.

तर आता पाच तारखेला पैसे कटल्याचा मेसेज येतो. ॲप मी पहिल्या स्क्रीनवरून काढून 'रेसिपी' नावाच्या फोल्डरमध्ये टाकलंय. परवा दादाचाच फोन आला, काय गं, कुठवर आलं? म्हटलं, मी नाही बाबा बघत.

सकाळी बघितलं तेव्हा ६१ रुपये वर होतं.