पंपाचे आरपीएम दिसत होते, पाणी फिरत नव्हते

'दोष आढळला नाही.' सर्व्हिस सेंटरच्या जॉबशीटवरचं हे वाक्य मी इतक्यांदा वाचलं आहे की अजूनही आठवलं की राग येतो. माझ्या कॉम्प्युटरचा तोच कूलर नंतर कंपनीने बदलून दिला, कारण दोष होता, आणि तो पहिल्या दिवसापासून मोजता येत होता. फक्त मोजायचा कसा, हे काउंटरवर कुणाला माहीत नव्हतं किंवा माहीत करून घ्यायचं नव्हतं. तुमचाही प्रोसेसर लिक्विड कूलर असून तापत असेल, तर निदान त्या काउंटरवर तरी तुमचा वेळ वाचावा म्हणून हे लिहिते आहे.

मी नागपूरला घरूनच आर्किटेक्ट लोकांसाठी थ्रीडी व्ह्यू आणि वॉकथ्रू करून देते. रेंडर, म्हणजे मॉडेलवरून शेवटचं चित्र तयार व्हायचं काम, सीपीयूवर चालतात, म्हणजे प्रोसेसर तासन्‌तास शंभर टक्के लोडवर. मशीन २०२१ मध्ये जुळवलेलं : रायझन ९ ५९००एक्स प्रोसेसर, बारा कोअर, आणि वर २४० मिलिमीटर रेडिएटरचा बंद लिक्विड कूलर, ज्याला सगळे एआयओ म्हणतात. पाच वर्षांची वॉरंटी होती म्हणूनच तो घेतला होता.

२०२५ च्या उन्हाळ्यात रेंडर लांबायला लागले. मशीनचं तापमान आणि वेग दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो हे सॉफ्टवेअर उघडून पाहिलं तर रेंडर सुरू करताच तापमान काही सेकंदांत ९० अंशांवर जाऊन तिथेच चिकटलेलं. या प्रोसेसरची कमाल मर्यादा ९० अंशच आहे. तिथे पोचला की तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो, म्हणून मशीन बंद पडत नाही, नुसतं संथ होतं. बरेच लोक महिनोन्‌महिने याच अवस्थेत काम करत राहतात आणि दोष सॉफ्टवेअरला देतात. काही काम नसतानाही माझा प्रोसेसर पासष्टच्या वर होता, आणि ही मला जास्त महत्त्वाची खूण वाटली. उन्हाने तापमान चढतं, पण रिकामं बसलेलं मशीन इतकं तापत नाही.

रेडिएटरची धूळ ब्लोअरने काढली. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली, उष्णता पोचवणारी थर्मल पेस्ट बदलली. रेडिएटर कॅबिनेटच्या छतालाच होता, म्हणजे हवेचा बुडबुडा पंपात अडकायची शक्यता कमी, तरी कॅबिनेट तिरपं करून गुडगुड आवाज येतो का तेही पाहिलं. पंपाची वायर मदरबोर्डवर योग्य जागी होती आणि बायॉसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये, पंप पूर्ण वेगावर होता. यात फरक शून्य.

पेस्टवरून आठवलं, ते इथेच सांगते. माझा प्रोसेसर मदरबोर्डवर ज्या खाचेत बसतो त्या एएम४ सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरला असतात, आणि जुनी पेस्ट घट्ट धरून बसलेली असेल तर कूलर उचलताना लॉक न उघडताच प्रोसेसरही त्याच्यासोबत उपटून येतो. पिना वाकल्या की खेळ संपला. म्हणून आधी दहा मिनिटं मशीन लोडवर चालवून पेस्ट गरम, मऊ करा, बंद करून मेन स्विच काढा, कूलर सरळ न ओढता हलकेच डावीकडे-उजवीकडे फिरवा आणि मग उचला. पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल. नवा कूलर लावत असाल तर तांब्याच्या तळाचं प्लास्टिक काढलं आहे ना, ते बघा.

आता मुख्य गोष्ट. एचडब्ल्यूइन्फोत पंपाचे आरपीएम अगदी छान दिसत होते, २७०० च्या आसपास, न हलता. पंपावर हात ठेवला तर हलकी थरथर जाणवायची. म्हणजे पंप चालू. पण आरपीएम म्हणजे पंपातलं चक्र किती वेगाने फिरतंय तेवढंच. पाणी किती वाहतंय हे त्यातून कळत नाही. आमच्याकडे डेझर्ट कूलरचा पंप गुणगुणत असतो आणि वरची नळी चोंदल्यामुळे ताट्या मात्र कोरड्या राहतात, तसंच हे. एआयओच्या तळाच्या तांब्याच्या प्लेटवर आतल्या बाजूने केसासारख्या बारीक पट्ट्या असतात. पाणी त्यांच्यामधून वाहतं आणि उष्णता घेऊन जातं. काही वर्षांनी आतल्या द्रवातला गाळ त्याच फटींत साचतो आणि प्रवाह जवळजवळ थांबतो. शिवाय नळ्यांच्या रबरातून द्रव हळूहळू उडत असतो, त्यामुळे आत हवाही वाढते. दोन्हींत पंप फिरतच राहतो.

प्रवाह तपासायचा सोपा उपाय म्हणजे दोन नळ्यांचं तापमान. गणित असं : हा प्रोसेसर ठरलेल्या मर्यादेत १४२ वॉटपर्यंत वीज घेतो. मिनिटाला एक लिटर पाणी वाहत असेल तर एवढ्या उष्णतेने ते फक्त दोन अंशांच्या आसपास तापतं. म्हणजे चांगल्या कूलरच्या दोन्ही नळ्या हाताला सारख्याच लागल्या पाहिजेत. प्रवाह दहाव्या हिश्श्यावर आला की हाच फरक वीस अंशांच्या घरात जातो. माझ्याकडे मल्टिमीटरसोबत मिळालेली तापमान मोजायची वायर होती. ती आधी एका नळीला आणि मग दुसऱ्या नळीला चिकटपट्टीने लावली, वरून कापडाची घडी गुंडाळली. एक नळी ५८, दुसरी ३७. रेडिएटरमधून बाहेर येणारी हवा जवळपास खोलीइतकीच थंड. प्रोसेसर नव्वदवर आणि रेडिएटर थंड, याचा अर्थ उष्णता तिथपर्यंत पोचतच नव्हती. मला एवढं पुरेसं होतं.

इथल्या सीताबर्डी बाजारातल्या एका दुकानदाराने सांगितलं, "ताई, उघडून साफ करून पाणी भरून देतो, संध्याकाळी न्या." मी नाही म्हटलं, आणि तुम्हीही वॉरंटी असेल तर नाहीच म्हणा. सील उघडलं की वॉरंटी गेली.

बिल, सिरियल नंबर आणि कूलर घेऊन मी सर्व्हिस सेंटरला गेले. काउंटरवरच्या मुलाला नळ्यांचं सगळं सांगितलं. त्याने जॉबशीटवर एवढंच लिहिलं : 'हीटिंग इश्यू'. मी म्हटलं, "पंप फिरतो पण प्रवाह नाही, असं लिहा." तो म्हणाला, "मॅडम, ते टेक्निशियन बघतील." आणि पुढची सगळी दिरंगाई 'हीटिंग इश्यू' या दोन शब्दांमुळे झाली. माझं काम हंगामात अडलेलं होतं, बिल्डरची सादरीकरणं तोंडावर होती, आणि फोन केला की उत्तर ठरलेलं, "टेस्टिंगला आहे". आणखी दिवस गेले की "मुंबईहून कळवतील". मग एक दिवस मेसेज आला, तुमची वस्तू तयार आहे. गेले, तर तोच कूलर, त्याच डब्यात, आणि जॉबशीटवर ते वाक्य.

मी विचारलं, तपासलं कसं? टेक्निशियनला बाहेर बोलवायला लावलं. त्यांनी एसी खोलीत टेबलावर एका छोट्या प्रोसेसरवर कूलर बसवला होता आणि बायॉसचा पडदा उघडा ठेवून तापमान पाहिलं होतं. "पन्नासच्या वर गेलं नाही मॅडम, आरपीएम पण ओके आहे." बायॉसमध्ये प्रोसेसर फारसं काहीच करत नसतो, तेवढी थोडी उष्णता मंद प्रवाहातही निघून जाते. मी म्हटलं, लोड द्या, सिनेबेंच हे प्रोसेसरला पूर्ण लोड देणारं चाचणीचं सॉफ्टवेअर दहा मिनिटं चालवा आणि दोन्ही नळ्यांना हात लावून बघा. ते म्हणाले, आमच्या प्रोसेसमध्ये तसं नाही. आणि मग, "नागपूरचं टेंपरेचर बघा ना मॅडम, पंचेचाळीस आहे, कूलर तरी काय करणार?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं आणि ते देताना मला मनापासून बरं वाटलं. कुठलाही रेडिएटर पाणी खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही, हे मान्य. म्हणून नुसतं प्रोसेसरचं तापमान न बघता ते खोलीपेक्षा किती अंश वर आहे ते बघायचं. मी मोठ्या कामाच्या वेळी एचडब्ल्यूइन्फोची नोंद फाइलमध्ये ठेवते. २०२२ च्या मे महिन्यातल्या नोंदी होत्या : खोली ३४, प्रोसेसर ७६, तोच लोड. नागपूर तेव्हाही नागपूरच होतं. खोलीपेक्षा ४२ अंश वर असणारा प्रोसेसर आता वेग कमी करूनही ५६ अंश वर होता. त्यांनी कागद पाहिला, परत दिला आणि म्हणाले, सिस्टिममध्ये 'दोष नाही' म्हणून बंद झालंय, आता आमच्या हातात काही नाही.

कूलर न घेता परत यायची मला इच्छा होती, पण तो मी घेऊन आले, आणि तेच बरं झालं. वस्तू ताब्यात असली तर पुरावा तयार करता येतो. घरी पुन्हा बसवला आणि न थांबवता एकच व्हिडिओ काढला : आधी कूलरवरचा सिरियल नंबर, मग पडद्यावर सिनेबेंच आणि एचडब्ल्यूइन्फो, त्यात नव्वद अंश आणि २७०० आरपीएम एकाच चौकटीत, मग मल्टिमीटर पहिल्या नळीवर, मग दुसऱ्या नळीवर, शेवटी खोलीतला थर्मामीटर. पाच मिनिटांचं काम. हा व्हिडिओ मी कंपनीच्या मुख्य सपोर्टला ईमेलने पाठवला, सर्व्हिस सेंटरला नाही. सोबत जॉबशीटचा फोटो आणि एकच प्रश्न : तुमच्या चाचणीत किती वॉटचा लोड दिला होता?

त्याच दिवशी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवली. तिला पैसे लागत नाहीत. ती न्यायालय नाही, ते लोक कंपनीकडे तक्रार पाठवून उत्तर मागतात, पण एक डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, मिळतो आणि तो पुढच्या प्रत्येक ईमेलच्या विषयात लिहिता येतो. त्यानंतर ईमेलचा सूर बदलला. तोपर्यंत मी जिल्हा ग्राहक आयोगाचीही माहिती काढून ठेवली होती. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, वितरक मुंबईत असला तरी, आणि वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. तिथवर जावं लागलं नाही. कंपनीकडून आलेल्या उत्तरात लोडच्या प्रश्नाला बगल दिली होती, पण 'व्हिडिओवरून प्रवाहात अडथळा दिसतो, बदली मंजूर' असं स्पष्ट लिहिलं होतं. तेच सर्व्हिस सेंटर, तोच काउंटर, आणि या वेळी नवा डबा. मी तिथेच उघडून एएम४ चे ब्रॅकेट आणि स्क्रू आत आहेत का ते मोजून घेतलं. बदलीचं मॉडेल वेगळं असलं तर जुने ब्रॅकेट बसतीलच असं नाही, आणि त्यासाठी पुन्हा फेरी घालायची माझी तयारी नव्हती.

या सगळ्या काळात काम थांबू दिलं नाही, ते कसं हेही सांगते. साधा टॉवर एअर कूलर, म्हणजे पंप-पाणी नसलेला, नुसत्या पंख्याचा कूलर घेतला आणि बायॉसमध्ये वीज कमी घेणारा ६५ वॉटचा इको मोड लावला. त्यात प्रोसेसर १४२ ऐवजी ८८ वॉटवर राहतो. रेंडरला वेळ जास्त लागला, पण वीज जेवढी कमी झाली त्या मानाने वेग फार कमी झाला नाही, आणि तापमान मर्यादेच्या बऱ्यापैकी खाली राहिलं. ज्यांची रोजीरोटी मशीनवर आहे त्यांनी एक एअर कूलर कपाटात ठेवावाच. त्यात बिघडण्यासारखा फक्त पंखा असतो आणि तो कुठेही मिळतो.

नव्या कूलरवर खोली ३३ अंश असताना तेच रेंडर ७४ वर स्थिर आहे आणि दोन्ही नळ्या हाताला सारख्या लागतात. बसवल्याच्या दिवशीच नळ्यांची मोजमापं आणि खोलीचं तापमान लिहून ठेवलं, पुढे तुलनेला लागेल म्हणून. तुमचा कूलर आज नीट चालत असेल तर तुम्हीही आजच लिहा, बिघडल्यावर ते आकडे कुठून आणणार?

जॉबशीटवर सही करायच्या आधी तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या; ते लिहीत नसतील तर स्वतःच्या पेनाने लिहा आणि फोटो काढा. बदली मिळाल्यावर वॉरंटी जुन्या तारखेपासून मोजणार की नव्या, हे ईमेलवर विचारा, तोंडी नको. आणि बिल थर्मल कागदावर छापलेलं असेल तर खरेदीच्या दिवशीच स्कॅन करून ठेवा. त्यावरची अक्षरं काही काळाने पुसट होतात, आणि माझ्या पुढे रांगेत उभ्या असलेल्या एका काकांना नेमकं त्याच कारणाने परत पाठवलं होतं.