आधी आईने वाजवायचं

लेकीला व्हायोलिनच्या क्लासला घातलं आणि पहिल्याच दिवशी व्हायोलिन दिलं माझ्या हातात. तिला काय, तर खोका! टिश्यूच्या रिकाम्या खोक्याला फूटपट्टी चिकटवलेली, झालं तिचं वाद्य. ती चार वर्षांची आणि व्हायोलिन तिच्या मापाचं, १/१६ आकाराचं. माझ्या हनुवटीखाली ते खेळण्यासारखं दिसत होतं. सेन्सेई, म्हणजे आमच्या जपानी बाई, म्हणाल्या, पहिलं गाणं आधी आईला वाजवता आलं पाहिजे. तोवर मुलीने नुसतं बघायचं.

आम्ही राहतो जपानमधल्या मात्सुमोतोत, म्हणजे या 'सुझुकी पद्धती'च्या माहेरीच. नागोयाच्या एका व्हायोलिन कारखानदाराचे चिरंजीव सुझुकी शिनिची यांनी १९४६ साली इथे मुलांना शिकवायला सुरुवात केली. त्यांचं म्हणणं साधं होतं. कुठलंही जपानी मूल जपानी बोलायला शिकतंच, कारण ती भाषा दिवसभर त्याच्या कानावर पडते आणि बोबडं बोललं तरी घरचे कौतुकच करतात. मग सुरांचंही तसंच का नको? म्हणून नोटेशन वाचणं पुढे कधीतरी, आधी कान. घरात सकाळपासून तीच ती गाणी लावायची. आता भांडी घासताना मी ती गुणगुणते आणि दाढी करताना नवराही. त्याला ते कळतही नाही.

पहिलं गाणं 'ट्विंकल ट्विंकल', पण वेगवेगळ्या लयींत. पहिलीच लय मला बसेना: चार जलद, दोन सावकाश. शेवटी दादाच्या तबल्याच्या क्लासबाहेर बसून ऐकलेलं कामी आलं. तिरकिट धा धा! सेन्सेईंना म्हणून दाखवलं, तर पुढच्या ग्रुपच्या तासाला सगळी चिल्लीपिल्ली 'तिरुकितो दा दा' करत होती.

दीडेक महिन्याने लेकीने माझ्या हातातून व्हायोलिन ओढलं. सेन्सेई याचीच वाट बघत होत्या म्हणे. (नोकरी सांभाळून हे कसं जमवायचं, याचा विचार मात्र या पद्धतीत फारसा केलेला दिसत नाही. मी दुपारची शिफ्ट सोडली.)

खरी गोची पुढेच झाली. तासाला आईने वहीत टिपणं घ्यायची आणि घरी रोज सराव करून घ्यायचा. मी मन लावून चुका टिपल्या आणि घरी एकापाठोपाठ एक बोलून दाखवल्या. लेक गज खाली ठेवून टेबलाखाली जाऊन बसली.

सेन्सेईंनी वही मागितली. मराठीत होती, म्हणून मलाच मोठ्याने वाचून जपानीत सांगावी लागली. कोपर, मनगट, करंगळी, पाठ, मान... सहाव्या चुकीपर्यंत माझाच आवाज बारीक झाला. सगळं ऐकून घेऊन त्या एवढंच म्हणाल्या, "अंगठा."

गज धरताना अंगठ्याचं पेर किंचित बाहेर वाकलेलं हवं. हिचं ताठ होतं, मग सगळा हातच लाकडासारखा होतो. आता तिच्या नखावर रोज पेनाने दोन डोळे काढतो. अंगठा वाकला की ते तिच्याकडे बघतात.

तीन आठवडे झाले, अंगठाच चाललाय. कोपर अजून पडतं. मला दिसतं, पण मी जीभ चावून गप्प बसते. निदान बहुतेक वेळा.