तुम्ही विचारलेत म्हणून : जोडीला दुसरे शस्त्र कोणते घ्यावे?

'मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स' हा अजस्र प्राण्यांच्या, म्हणजे मॉन्स्टरांच्या, शिकारीचा व्हिडिओ गेम खेळणारी आमच्या दादरच्या इमारतीतली कॉलेजची मुले असोत, की मुलुंड आणि बोरिवलीहून शनिवारी रात्री माझ्याबरोबर शिकारीत सामील होणारे मित्र असोत, प्रश्न बहुधा एकच असतो : "माझे पहिले शस्त्र ठरले आहे, जोडीला दुसरे कोणते घेऊ?" प्रत्येकाला मी त्याच्या पहिल्या शस्त्राप्रमाणे वेगळे नाव सांगतो, पण त्यामागचा विचार एकच असतो, आणि तो सविस्तर मांडण्यासारखा आहे. जे शस्त्र नेमके कोणत्या क्षणी हातात घ्यायचे हे शिकारीला निघण्यापूर्वी तुम्हाला एका वाक्यात सांगता येते, तेच जोडीला घ्यावे. तो क्षण सांगता येत नसेल, तर तुमच्याकडे दोन शस्त्रे आहेत, जोडी नाही.

2004 साली सुरू झालेल्या या मालिकेच्या सुरुवातीच्या खेळांत हा प्रश्नच उद्भवत नव्हता, कारण एका शिकारीला एकच शस्त्र नेता येत असे आणि तलवारी चालवणाऱ्यांचे चिलखत वेगळे, तर धनुष्य-बंदुका चालवणाऱ्यांचे वेगळे असे. 2018 च्या 'मॉन्स्टर हंटर : वर्ल्ड'मध्ये चिलखत सर्वांसाठी एक झाले आणि शिकार चालू असताना तंबूत जाऊन शस्त्र बदलण्याची सोय आली. 28 फेब्रुवारी 2025 रोजी आलेल्या 'वाइल्ड्स'ने तंबूपर्यंत जाण्याची गरजही संपवली. आता सेक्रेट या स्वारीच्या प्राण्यावर दुसरे शस्त्र बांधलेले असते आणि त्याच्या पाठीवर बसल्या बसल्या ते बदलता येते. शस्त्रांचे प्रकार 14 आहेत, म्हणजे भिन्न प्रकारांच्या जोड्याच 91 होतात. त्यात एकाच प्रकारची दोन शस्त्रे नेण्याची मुभाही आहे. इतका मोठा पसारा समोर आला की माणूस सर्वांत सोपा मार्ग धरतो आणि ज्याच्या हल्ल्याचा आकडा मोठा ते शस्त्र उचलतो.

हा मार्ग मला पटत नाही, आणि त्याचे कारण शस्त्र बदलण्याच्या किमतीत आहे. शीळ घालून सेक्रेटला बोलवायचे, वर चढायचे, शस्त्र बदलायचे आणि पुन्हा उतरायचे, यात जे काही क्षण जातात त्यांत मॉन्स्टरवर एकही घाव पडत नाही. दुसरे शस्त्र पहिल्याचेच काम थोडे अधिक जोराने करणार असेल, तर तो गेलेला वेळ क्वचितच भरून निघतो. पहिल्या शस्त्राची धार उतरली म्हणून दुसरे घेतो, असेही काही जण सांगतात. परंतु सेक्रेटवर बसून धार लावता येत असल्यामुळे त्यासाठी जोडीतली एक जागा खर्च करण्याचे कारण नाही. शिवाजी पार्कवरचा जाणता कर्णधार केवळ वेगवान गोलंदाज दमला म्हणून फिरकीपटूला चेंडू देत नाही. खेळपट्टी कधी वळायला लागेल याचा अंदाज त्याने आधीच बांधलेला असतो. दुसऱ्या शस्त्राचा विचार तसाच आधी झालेला असावा.

असे क्षण खेळात स्वतःहून येतात आणि त्यांतला सर्वांत मोलाचा क्षण झोपेचा आहे. झोपलेल्या मॉन्स्टरवर पडणारा पहिला घाव नेहमीपेक्षा कितीतरी जास्त लागतो, त्यामुळे तो घाव शक्य तितका जड असला पाहिजे आणि ग्रेट स्वोर्ड या अवजड तलवारीच्या पूर्ण चार्ज केलेल्या, म्हणजे जोर साठवून मारलेल्या, वारापेक्षा त्याला योग्य असे फारसे काही नाही. पण ग्रेट स्वोर्डचे वार इतके सावकाश पडतात की त्याच शस्त्राने मॉन्स्टरला झोपवायचे म्हटले तर बराच काळ जातो. म्हणून झोपवण्याचे काम झोपेच्या गोळ्या झाडणाऱ्या लाइट बोगन या हलक्या बंदुकीकडे किंवा झोपेचा गुण असलेल्या सोर्ड अँड शील्डकडे, म्हणजे ढाल-तलवारीकडे, द्यावे आणि मॉन्स्टर कोसळताच ग्रेट स्वोर्ड हाती घ्यावी. तो झोपलेला असताना बदलण्यात गेलेला वेळ वाया जात नाही, हे या जोडीचे खरे बळ आहे. झोप काय किंवा पॅरॅलिसिस काय, प्रत्येक वेळी लागू झाल्यावर पुढच्या वेळी तिला जास्त मारा लागतो, त्यामुळे असे शस्त्र शिकारीच्या पूर्वार्धात वापरून मग बाजूला ठेवण्यातच शहाणपण आहे. चौघे मिळून खेळत असाल तर सोबत्यांना आधी सांगून ठेवा, कारण एखाद्याच्या उतावळ्या चाकूच्या टोचणीने ती सोन्यासारखी संधी जाते आणि मला त्याचे मनापासून वाईट वाटते.

दुसरा क्षण शरीराच्या भागांशी निगडित आहे. हॅमर (हातोडा) आणि हंटिंग हॉर्न (शिंगवाद्यासारखे शस्त्र) यांचे घाव डोक्यावर बसत राहिले की मॉन्स्टर गरगरून पडतो, परंतु शेपटी तोडायला कापणारे शस्त्रच लागते. राथालोस या उडणाऱ्या मॉन्स्टरच्या शेपटीपासून मिळणारा माल हवा असेल, तर हॅमरवाल्याने शेपटी तुटेपर्यंत लाँग सोर्ड चालवावी आणि ती तुटताच हॅमरकडे वळावे. एकाच शिकारीत दोन मॉन्स्टर असतील तर विचार आणखी सोपा होतो : तेव्हा एकाच प्रकारची, पण वेगळ्या तत्त्वांची (वीज, पाणी वगैरे) दोन शस्त्रे घेणे मी गैर मानत नाही, विशेषतः ड्युअल ब्लेड्स या जोडतलवारींसारख्या भराभर वार करणाऱ्या शस्त्रांच्या बाबतीत, कारण प्रत्येक वारासोबत त्या तत्त्वाचा माराही मॉन्स्टरला बसत जातो.

आता अशा गोष्टीकडे येतो जिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, आणि ती म्हणजे चिलखत. 'वाइल्ड्स'मध्ये शस्त्राची कौशल्ये, म्हणजे त्याला जोडता येणारे जादा गुण, शस्त्रावर बसतात आणि ते शस्त्र हातात असतानाच लागू होतात; चिलखताची कौशल्ये मात्र दोन्ही शस्त्रांना मिळतात. म्हणजे चार्ज लवकर होण्याचे फोकस हे कौशल्य ग्रेट स्वोर्डवर बसवले की त्याचा लाइट बोगनवर काही भार पडत नाही, परंतु अंगावरचे प्रत्येक कौशल्य दोघांच्याही उपयोगी पडले पाहिजे. एका शस्त्राला दम पुरवणारे आणि दुसऱ्याला निरुपयोगी असणारे चिलखत घातले, तर तुम्ही अर्धी शिकार अर्ध्या ताकदीने खेळता. मर्मस्थानी लागलेल्या वारांना बळ देणारे वीकनेस एक्सप्लॉइट बहुतेक सर्व जोड्यांना चालते. स्टॅमिना सर्जसारखे दम लवकर भरून देणारे कौशल्य मात्र दम खाणाऱ्या शस्त्रांनाच हवे असते, म्हणून जोडी निवडताना दोघांच्या दमाचा हिशोब एकत्र मांडावा.

या हिशोबाने मला हॅमर आणि बो (धनुष्य) ही जोडी फार भावते. हॅमर चार्ज करताना दम खर्च होतो, बो ताणून धरतानाही होतो, त्यामुळे एकच चिलखत दोघांना पोसते. हॅमर जमिनीवरच्या डोक्याला उत्तम, पण राथालोस आकाशात गेला की हॅमरवाला खाली उभा राहून वाट पाहतो. तोच क्षण 'बो'चा आहे. याउलट ड्युअल ब्लेड्स आणि बो यांची जोडी दमाच्या दृष्टीने तितकीच जुळते आणि मुले ती आवडीने घेतात, पण दोन्ही शस्त्रे तत्त्वावर फार अवलंबून आहेत. ऊथ डूना या मॉन्स्टरच्या शिकारीला दोन्ही विजेची आणि नू ऊड्रा या मॉन्स्टरच्या शिकारीला दोन्ही पाण्याची नेलीत तर ठीक. म्हणजे प्रत्येक वेळी दोन-दोन शस्त्रे नवी घडवण्याची तयारी हवी. ज्याच्याकडे तेवढा माल जमलेला नाही, त्याने यांतले एक सोडून हॅमरसारखे मुळातच जड घाव करणारे शस्त्र जोडीला घ्यावे.

ज्यांचे पहिले शस्त्र अजून हातात बसलेले नाही, त्यांना मी मुळात निराळा प्रकार घ्यायला सांगत नाही. सोर्ड अँड शील्ड शिकत असाल तर सेक्रेटवर दुसरी सोर्ड अँड शील्डच ठेवा, पण पॅरॅलिसिसची. शिकारीची सुरुवात तिने करा, मॉन्स्टर एक-दोनदा जखडला की तो पुढच्या प्रदेशाकडे पळत असताना, पाठलागावर असतानाच, नेहमीची हाती घ्या आणि उरलेली शिकार तिने पूर्ण करा.