तुम्ही विचारलंत म्हणून: फुकटातला कुठला अँटीव्हायरस टाकू?

"सर, फुकटातला चांगला अँटीव्हायरस कुठला, सांगा की ओ." नवी पेठेत, लग्नाच्या पंगतीत, दवाखान्यात नंबर लावून बसलेलं असताना हाच प्रश्न. उत्तर तीन शब्दांचं आहे: कुठलाच टाकू नका. ते कुणाला आवडत नाही. मी काहीतरी लपवून ठेवतोय असं वाटतं. म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

विंडोज 10 किंवा 11 असेल तर अँटीव्हायरस त्यात आलेलाच आहे, मायक्रोसॉफ्ट डिफेंडर. त्याची वर्गणी भरावी लागत नाही आणि तो कोपऱ्यातून 'रिन्यू करा' म्हणून डोकं खात नाही. "पण पूर्वी तुम्हीच दुसरा टाकून द्यायचात!" द्यायचो. तो विंडोज 7 चा जमाना होता. मायक्रोसॉफ्टचं सिक्युरिटी इसेन्शियल्स वेगळं उतरवून घ्यावं लागायचं, आणि जर्मनीतल्या एव्ही-टेस्ट संस्थेनं 2012 साली त्याला प्रमाणपत्रही नाकारलं होतं. आता त्याच संस्थेच्या चाचण्यांत डिफेंडर वरच्या गटात असतो. माल बदलला, उत्तर बदललं.

फुकट देणाऱ्या कंपनीचं पोट कशावर चालतं, हेही कुणी विचारत नाही. अव्हास्टचा किस्सा बघा. जंपशॉट नावाच्या उपकंपनीमार्फत ग्राहकांचा ब्राउझिंगचा तपशील, म्हणजे ते इंटरनेटवर काय काय बघतात ते, विकला जात होता. जानेवारी 2020 मध्ये ते उघड झाल्यावर जंपशॉट बंद केली, आणि 2024 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं अव्हास्टला 1 कोटी 65 लाख डॉलर भरायला लावले. अव्हास्ट नको म्हणून एव्हीजी किंवा अव्हिरा टाकाल, तर आज तिघांचा मालक एकच आहे, जेन डिजिटल. आता ते तसलं काही करतात असं मी म्हणत नाही. पण जी वस्तू घरात आहे ती बाहेरून का आणायची?

आता मुख्य दुखणं. डिफेंडर असूनही मशीन बिघडतंच, आणि बहुतेक वेळा त्याला आंधळं केलेलं असतं ते आपणच. क्रम ठरलेला आहे. पत्रिका, बॅनरच्या कामासाठी मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर हवं असतं. विकत घ्यायचं नसतं. कुणीतरी पेनड्राइव्हवर क्रॅक, म्हणजे कुलूप तोडलेली चोरीची कॉपी, देतं, सोबत सूचना: आधी अँटीव्हायरस बंद करा. रिअल-टाइम प्रोटेक्शन, म्हणजे डिफेंडरचा सततचा पहारा, बंद केलं तर विंडोज ते काही वेळानं आपोआप चालू करतं आणि क्रॅकची फाइल उडवतं. मग देणारा शहाणा पुढची युक्ती सांगतो: एक्सक्लूजनमध्ये, म्हणजे 'हे तपासू नको' या यादीत, अख्खा सी ड्राइव्ह टाका. इथे खेळ संपतो. एक्सक्लूजन आपोआप निघत नाही. वर्षभर तसंच राहतं, वर हिरवी टिकमार्क दिसत राहते, आणि डिफेंडर सी ड्राइव्हमधल्या फाइलींकडे बघतच नाही.

"पण तो क्रॅक साधाच होता, डिफेंडर उगाच ओरडतो." कधीकधी उगाच ओरडतो, हे खरं. क्रॅक म्हटलं की आत काही नसलं तरी तो अडवतो. पण कुठल्या वेळी उगाच आणि कुठल्या वेळी खरं, हे तुम्हाला किंवा मला बाहेरून कळत नाही.

तपासायला दोन मिनिटं लागतात. स्टार्टमध्ये विंडोज सिक्युरिटी उघडा. व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, त्यात मॅनेज सेटिंग्ज, अगदी खाली एक्सक्लूजन्स. तिथे तुम्ही न टाकलेलं, किंवा का टाकलं ते आठवत नसलेलं काहीही असेल तर काढा. टॅम्पर प्रोटेक्शन चालू ठेवा, म्हणजे दुसरा प्रोग्रॅम डिफेंडरच्या सेटिंग्ज बदलू शकत नाही. मग स्कॅन ऑप्शन्समधून ऑफलाइन स्कॅन, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधीची तपासणी. मशीन रीस्टार्ट होतं, साधारण 15 मिनिटं जातात, उघडलेली कामं आधी सेव्ह करा. काही सापडलं तर मोबाईलवरून जीमेल आणि बँकेचे पासवर्ड बदला, कारण ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड चोरणारा व्हायरस पुसला तरी गेलेले पासवर्ड परत येत नाहीत.

लॅपटॉपसोबत आलेला ट्रायल अँटीव्हायरस असेल तर तोही बघा. विंडोज सिक्युरिटीच्या सेटिंग्जमध्ये मॅनेज प्रोव्हायडर्स म्हणून आहे, तिथे राखणीला कोण आहे ते दिसतं. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ॲप्स उघडून तो ट्रायल काढा, त्या कंपनीचं रिमूव्हल टूल चालवा, रीस्टार्ट करा. डिफेंडर आपला चालू होतो. दोन अँटीव्हायरस एकदम कधीच नकोत. दोघेही एकच फाइल तपासायला धावतात आणि मशीन जागेवर बसतं.

आणि मशीन स्लो आहे म्हणजे व्हायरस, हे डोक्यातून काढा. मे महिन्यात आपल्याकडे पारा 42 च्या पुढे जातो, पंख्यात धूळ आणि यंत्रमागाजवळ घर असेल तर सुताची कुसं. प्रोसेसर तापला की स्वतःच वेग कमी करतो. 4 जीबी रॅम आणि जुनी हार्डडिस्क असेल तर एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) बसवा, पंखा साफ करून घ्या. अँटीव्हायरसचा इथे संबंध नाही.

राहिलं विंडोज 10. त्याचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. डिफेंडरला नव्या व्हायरसची ओळख ऑक्टोबर 2028 पर्यंत मिळत राहील, पण विंडोजमधली भोकं बुजणार नाहीत. 2017 मध्ये वॉनाक्राय, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, अशाच भोकातून शिरला. ते भोक बुजवणारा पॅच मार्चमध्ये आला होता, ज्यांनी टाकला नाही त्यांना 12 मेपासून फटका बसला. एक्स्टेंडेड अपडेट्ससाठी नोंदणी केली तर 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत भोकं बुजत राहतील. पुढे? तिसऱ्या जनरेशनच्या आय-थ्रीसारख्या जुन्या प्रोसेसरच्या मशीनवर विंडोज 11 अधिकृतपणे बसत नाही. विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टीम सुचवावी तर हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरणारा टॅलीवाला आणि टायपिंगवाला दोघेही उठून जातात. बँकेचं काम मोबाईलवर करा, ते मशीन फक्त टायपिंगला ठेवा आणि इंटरनेट काढा, असं मी सध्या सांगतो. त्यावर टायपिंगवाला विचारतो, मग गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह लावायचा की नाही? लावावा तर लागणारच.