शिवडीच्या दगडांत : आमची वाटचाल

‘धंदा काय करता?’ या प्रश्नाला ‘कबरस्तान दाखवतो’ असं उत्तर दिलं की समोरचा आधी हसतो, मग हात मागे घेतो. चालायचंच.

शिवडीचं हे ख्रिस्ती कबरस्तान १८६५ सालचं. मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या काळात बागेच्या जमिनीवर सुरू झालं. मी आणि माझा भागीदार, दोघांनी मिळून पहिला वॉक काढला तेव्हा चार जण आले. त्यातले दोन माझे मेहुणे.

भागीदार ड्राफ्ट्समन होता. आमचं सगळ्यात मोठं हत्यार त्याचंच : दाढीचा आरसा. जुन्या संगमरवरातली शिशाची अक्षरं गळून जातात, नुसती खिळ्यांची भोकं उरतात. समोरून बघाल तर दगड कोरा. पण आरशाने ऊन आडवं पाडलं की भोकाभोकांतून नाव उभं राहतं. पहिल्यांदा तसं ‘बिलव्हेड’ (म्हणजे ‘प्रिय’) वाचलं तेव्हा दोघंही दोन मिनिटं गप्प होतो. गटाला माझं बोलणं ऐकवायचा हेडसेट विसरला तर चालायचा, आरसा विसरून आजही चालत नाही. आणि एक सांगतो, कोणी विचारलं नसलं तरी : दगडावर खडू घासू नका, तारेचा ब्रश तर हातातही धरू नका. साधं पाणी, मऊ ब्रश, बस.

आता एका पोराबद्दल. दोन सीझन आमच्याकडे शिकला, घरी जेवला. नंतर आमचाच रस्ता, आमचेच थांबे, ‘व्हीटी बांधणारा स्टीव्हन्स १९०० साली गेला तो इथे, गेटवेचा वास्तुकार विटेट १९२६ साली गेला तोही इथेच, दोघं शेजारी येऊन राहिले’ हा माझा विनोदसुद्धा उचलला आणि निम्म्या दरात ‘भुतांचा वॉक’ काढला. त्याचा स्टीव्हन्स म्हणे रात्री स्टेशनची घड्याळं तपासायला निघतो! काका बॅप्टिस्टांच्या कबरीपुढून मात्र हे लोक फोटो काढून पुढे. टिळकांचा खंदा साथी, होमरूल लीगचा अध्यक्ष, १९२५ मध्ये मुंबईचा महापौर. पण भूत नाही, म्हणून गिऱ्हाईक नाही. हे कबरस्तान अजून चालू आहे, अंत्ययात्रा आली की आम्ही गट बाजूला घेतो, टोप्या काढतो, बोलणं बंद. तो माइक चालूच ठेवायचा. त्यापायी आमच्याकडेही लोक संशयाने बघू लागले.

दर मी कमी केला नाही. तुम्हीही करू नका. एकदा उतरवलेला दर परत चढत नाही.

बुकिंग निम्म्यावर आलं आणि वर लॉकडाउन. हेडसेट विकले. भागीदार गावी गेला, तो गेलाच. तेव्हा दादरच्या एका निवृत्त बाई, आम्ही त्यांना बाई म्हणूनच हाक मारतो, त्यांनी बारा वॉकचे पैसे आगाऊ पाठवले. सोबत चिठ्ठी : ‘हिशेब लिहून ठेवा.’

त्यानंतरची वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. वहीत बाईंच्या नावापुढे नऊ रेघा झाल्यात. गुडघ्यांमुळे हल्ली त्या फाटकाजवळच खुर्ची टाकून बसतात, आणि मी आरसा फिरवायला लागलो की लांबूनच ओरडतात, ‘डावीकडे, अजून डावीकडे!’